डोळ्यांपुरती अक्षरे

गोव्यातल्या छपाईचा विषय निघाला की आपण सगळेच थोड्या अभिमानाने १५५६ साल सांगतो. त्या वर्षी जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला आणि तो हिंदुस्थानातला पहिला छापखाना ठरला. याच इतिहासातली पुढची एक गोष्ट मात्र आपण तेवढ्या ठळकपणे सांगत नाही. साठ वर्षांनी, १६१६ साली, रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, आणि अक्षरे मात्र रोमन! कारण अगदी साधे होते. देवनागरीचे खिळे इथे नव्हते. यंत्राजवळ जी अक्षरे होती त्यांतच भाषेला बसावे लागले. ज्याला मराठी येते पण रोमन लिपी येत नाही, त्याच्या दृष्टीने ते छापील पान कोरेच होते. हे पुराण पुस्तकरूपाने देवनागरीत आले ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीत. मध्ये ३४० वर्षे गेली.

वाचकहो, हा दाखला मी दिला तो ख्रिस्तपुराणावर लिहिण्यासाठी नव्हे. अक्षर कोणत्या यंत्रातून येते यावर ते कोणाला वाचता येईल हे ठरत असते, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे. आज आपल्या हातातले यंत्र म्हणजे संगणक आणि मोबाइल. त्यावर मराठी आली, संकेतस्थळे झाली, वर्तमानपत्रे आली. पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यापर्यंत ही मराठी पोहोचायला किती वर्षे लागली, का लागली, आणि अजून ती कुठे अडली आहे, याचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो मी माझ्या परीने सांगणार आहे.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १७८५ च्या सुमारास व्हॅलेन्तीन आउई या गृहस्थांनी तिथे अंध मुलांसाठी शाळा काढली. अंधांना शिकवता येते, हेच त्या काळी लोकांना पटत नव्हते. आउईंनी जाड कागदावर रोमन अक्षरे उठावाची करून घेतली आणि मुलांना बोटांनी ती ओळखायला शिकवले. हेतू उत्तम होता. पण ती अक्षरे मुळात डोळ्यांसाठी घडलेली. 'ओ' आणि 'क्यू' यांच्यातला फरक डोळ्याला क्षणात कळतो, बोटाला तो चाचपडत शोधावा लागतो. पुस्तके अवाढव्य आणि जड व्हायची, वाचन मुंगीच्या पावलांनी चालायचे, आणि लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. थोडक्यात, डोळसांची लिपी फुगवून अंधांच्या हाती दिली होती.

या शाळेत १८१९ साली लुई ब्रेल नावाचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात खेळताना आरी डोळ्यात गेली आणि पुढे दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने ठिपक्यांची एक पद्धत शाळेला दाखवली. तिच्यात बारा ठिपक्यांचे घर होते. एका बोटाखाली ते मावत नसे. ब्रेलने त्या घराचे सहा ठिपके केले. १८२४ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतेक तयार होती आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. तिच्यातले 'ए' हे अक्षर डोळसांच्या 'ए'सारखे मुळीच दिसत नाही. दिसायचे कारणच नव्हते. ते बोटासाठी होते. शिवाय हातात टोचणी आणि पाटी असली की अंध मुलगा स्वतः लिहू शकत होता.

शाळेच्या चालकांना हे काही पचले नाही. डोळस शिक्षकांना वाचता येणार नाही अशी लिपी मुलांनी वापरायची, हे त्यांना चमत्कारिक वाटे. मध्यंतरी तिच्यावर बंदीसुद्धा आली, आणि मुले ती चोरून वापरत राहिली. ब्रेल १८५२ साली वारला आणि शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. या साऱ्या गोष्टीतला एक धडा पुढे संगणकाच्या काळात पुन्हा गिरवावा लागला. अक्षराचे चित्र एक आणि अक्षर एक. चित्र डोळ्यापुरते असते, अक्षर मात्र डोळा, बोट, कान या सर्वांचे असू शकते.

आपल्याकडे अमृतसरला १८८७ साली अंधांची पहिली शाळा निघाली, मुंबईत १९०० च्या आसपास दोन शाळा सुरू झाल्या. ब्रेल आली, पण प्रत्येक प्रांताने आणि मिशनने आपापल्या परीने ठिपके वाटून घेतले. एका पद्धतीत शिकलेल्याला दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडले तर काही लागत नसे. हा घोळ स्वातंत्र्यानंतर मिटला. युनेस्कोच्या मदतीने विचारविनिमय होऊन १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरली. तिचे तत्त्व सुंदर आहे. लिपी कोणतीही असो, ध्वनी एक तर ठिपके एक. मराठीतला क, बंगालीतला क, तमिळमधला क, सर्वांना तेच दोन ठिपके.

या भारती ब्रेलमधली एक बारीक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरून कळतो. आपण 'कि' लिहितो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढतो. उच्चारात मात्र आधी क आणि मग इ. देवनागरीची ही गंमत लहान मुलांना पहिलीत जड जाते. ब्रेलमध्ये ही अडचण नाही. तिथे आधी क येतो, मग इ. उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा क्रम. बोटाला वेलांटीच्या नक्षीशी काही देणेघेणे नसते.

आता संगणकाकडे येऊ. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. यांतली सर्वांत प्रसिद्ध 'जॉज' ही १९८९ साली निघाली. ती काढणारे टेड हेन्टर हे अमेरिकेतले मोटारसायकलच्या शर्यतीत धावणारे गृहस्थ. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. जॉज उत्तम, पण महाग. आपल्याकडच्या सामान्य माणसाला न परवडणारी. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो फुकट देऊन टाकला. जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. आज जगभर लाखो लोक तो वापरतात. ब्रेलप्रमाणेच इथेही लक्षात घेण्याजोगे हे की मार्ग काढणारे स्वतः त्या वाटेचे वाटसरू होते.

इंटरनेटचे जाळे आले तेव्हा ते खरे तर अंधांना सोयीचे होते. १९९१ च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाच्या 'सर्न' संस्थेतून ते खुले केले तेव्हा पाने बहुतांशी मजकुराची होती, आणि मजकूर आवाजात बदलता येतो. पुढे चित्रे आली, रंगीत बटणे आली, अख्खी पाने चित्रांची होऊ लागली. चित्रापुढे स्क्रीन रीडर मुका होतो. म्हणून एचटीएमएलमध्ये चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन देण्याची सोय केली गेली, तिला 'ऑल्ट' म्हणतात. पण सोय असणे वेगळे आणि ती कोणी वापरणे वेगळे. १९९७ मध्ये जाळ्याच्या मानकांची काळजी घेणाऱ्या संघाने सुगम्यतेसाठी खास उपक्रम सुरू केला आणि ५ मे १९९९ रोजी त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. चौदा तत्त्वांतले पहिलेच असे होते की जे डोळ्याला दिसते किंवा कानाला ऐकू येते त्याला शब्दांचा पर्याय द्या. डिसेंबर २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिने सगळा विषय चार गोष्टींत बसवला: मजकूर जाणवला पाहिजे, पान वापरता आले पाहिजे, समजले पाहिजे, आणि कोणत्याही साधनावर ते टिकले पाहिजे.

त्याच सुमारास एक खटला गाजला. सिडनीत २००० साली ऑलिंपिक व्हायचे होते. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने जून १९९९ मध्ये तक्रार केली की स्पर्धेचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, चित्रांना शब्द नाहीत, निकालांचे तक्ते उलगडत नाहीत. आयोजन समितीने खर्चाचे मोठमोठे आकडे पुढे केले. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ते मानले नाहीत आणि अखेर समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. संकेतस्थळ ही इमारतीसारखीच सार्वजनिक जागा आहे आणि तिलाही पायऱ्यांशेजारी उतार हवा, हे जगाला त्या निकालातून प्रथम नीट समजले.

हे सारे चालले असताना आपली मराठी कुठे होती? ती पडद्यावर होती, आणि नव्हतीही. याचा अनुभव मला अंत्रुज महालातल्या एका हार्मोनियमच्या मास्तरांकडे आला. काचबिंदूने त्यांची दृष्टी पन्नाशीच्या आत गेली होती. वाचनाचे वेड दांडगे. संगीत नाटकांची पुस्तके, गाथा, रोजचा पेपर, सगळे आता कोणीतरी वाचून दाखवील तेव्हा. २००७ च्या आसपास त्यांच्या भाच्याने मुंबईहून येताना संगणकात स्क्रीन रीडर घालून आणला. इंग्रजी बातम्या तो खडखडीत वाचू लागला. मास्तर खूष. मग मला म्हणाले, "आता आपला पेपर लाव." मी एका मराठी दैनिकाचे संकेतस्थळ उघडले. पडद्यावर स्वच्छ, ठसठशीत मराठी बातमी. आणि यंत्राच्या तोंडून मात्र निघू लागले काहीतरी भलतेच: तुटक इंग्रजी अक्षरे, मध्येच चिन्हांची नावे, कंस, टक्के, स्वल्पविराम. मास्तरांनी मान वाकडी करून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "हें मराठी न्हय मरे!"

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. ती मराठी नव्हतीच. ते मराठीचे चित्र होते.

झाले होते ते असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम दोनशे छप्पन घरे असत आणि ती रोमन अक्षरांसाठी आखलेली. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती काढली: घर रोमन अक्षराचेच ठेवायचे, आत चित्र मात्र देवनागरीचे बसवायचे. हिंदी पट्ट्यात फार चाललेल्या 'कृतिदेव' फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द टंकला तर डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात जमा होते ते ई, जे, के, बी, एच. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटीसाठी एफ आणि मग क साठी डी. म्हणजे वेलांटी जशी डोळ्याला आधी दिसते तशीच आधी साठवायची! ब्रेलने जी गोष्ट १९५१ साली सोडवून ठेवली होती, ती संगणकाच्या फॉन्टने पुन्हा उलटी करून ठेवली.

त्यावर कडी म्हणजे प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी. एकाचा म दुसऱ्याचा भ. एका वर्तमानपत्राचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नसे. त्या काळी मराठी संकेतस्थळ उघडले की 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी दिसायची, हे अनेकांना आठवत असेल. डोळसांना हा त्रास एकदाच व्हायचा, फॉन्ट घातला की संपला. अंध वाचकाला मात्र त्यावर उपायच नव्हता. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, तो पोटातले क्रमांक वाचतो, आणि तिथे मराठीचा मागमूसही नव्हता. सायबर कॅफेत आपण मराठी पेपर वाचू लागलो, अमेरिकेत गेलेली मुले गावच्या बातम्या वाचू लागली, आणि शेजारच्या घरातले मास्तर मात्र त्याच दारात बाहेर उभे राहिले. रायतूरच्या पानावर मराठी रोमन अक्षरांत बसली ती उघडपणे. इथे ती रोमन अक्षरांत लपून बसली होती, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही एवढेच.

वाईट याचे वाटते की शहाणपणाचा मार्ग तेव्हाही उपलब्ध होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान, ज्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता, ते याच पायावर उभे होते की साठवायचे ते अक्षर, चित्र नंतर घडवायचे. त्यातूनच 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ साली पक्के झाले. क आधी, वेलांटी नंतर. आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच आराखडा, अगदी भारती ब्रेलसारखा. ऑक्टोबर १९९१ मध्येच जगातल्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर बेतलेली होती. क ला स्वतःचा क्रमांक मिळाला, वेलांटीला स्वतःचा. आता पुण्यात लिहिलेला क पणजीत, टोकियोत, कुठेही क च राहणार होता.

पण कागदावर मानक असणे आणि घरात असणे यांत अंतर असते. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले, तरी पुढच्या एक्सपीतही ते वेगळे चालू करून घ्यावे लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये, आणि हळूहळू मराठी लिहिणारी हौशी मंडळी तिकडे वळली. छापखाने आणि वर्तमानपत्रे मात्र जुन्या फॉन्टला बराच काळ चिकटून राहिली. त्यांची सगळी यंत्रणा त्यावर उभी होती. मराठीच्या काही खास गरजाही मागाहून पुऱ्या झाल्या. 'ॲप'मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली.

शेवटी वर्तमानपत्रे बदलली ती का? अंध वाचकांसाठी बदलली असे म्हणता येत नाही. गूगलवर मराठी शब्द शोधला तर जुन्या फॉन्टमधली बातमी सापडत नसे, कारण शोधयंत्रही स्क्रीन रीडरसारखेच आंधळे असते, तेही पोटातले क्रमांकच वाचते. वाचक मोबाइलवर गेला आणि तिथे फॉन्ट उतरवून घेणे जमेना. व्यवहाराने रेटा दिला आणि दार उघडले. त्या दारातून मास्तरही आत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण दार उघडे होते हे महत्त्वाचे. एकासाठी केलेला उतार सर्वांच्या कामी येतो असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले. सर्वांसाठी केलेले काम, मुळातून नीट केले, म्हणून त्या एकाच्याही कामी आले.

पुढे एकदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा यंत्र मडगावची बातमी वाचत होते. शब्द सगळे कळत होते, पण सूर हिंदी. 'चारा'तला च आणि 'चार'मधला च त्याला एकच. 'माझा'तला झ तर अस्सा परका की मास्तर हसून पेटीवर बोट ठेवत म्हणाले, "स्वर लागला, पण श्रुती चुकली." याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पानाच्या पोटात 'ही भाषा मराठी' अशी एक छोटीशी खूण ठेवता येते. ती नसली की देवनागरी दिसताच काही यंत्रे हिंदीचा आवाज लावतात. हिंदीत आपला दंततालव्य च नाही, मग तो येणार कुठून? दोन अक्षरांची ती खूण, 'एमआर', आणि मराठीचा आवाज लागतो. मार्गदर्शक तत्त्वांत ही अट स्पष्ट आहे. आपल्या किती मराठी संकेतस्थळांवर ती पाळलेली असते, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

कायद्याच्या बाजूने आपला देश मागे नाही. २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. पूर्वी एखादे पुस्तक अंधांसाठी ध्वनिमुद्रित करायचे किंवा संगणकावर घ्यायचे तरी हक्कदाराची परवानगी लागे; २०१२ च्या दुरुस्तीने ती अट गेली. २०१३ मध्ये मराकेश इथे अशाच सवलतीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे अंध वाचकांसाठीचे ग्रंथालय संगणकावर सुरू झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकेच्या ओळख-पडताळणीत डोळे मिचकावून दाखवण्याच्या अटीमुळे अडलेल्या ॲसिडहल्लाग्रस्त व अंध नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आपल्या पणजीतही जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा 'पर्पल फेस्ट' पहिल्यांदा भरला.

एवढे सगळे असताना मी हा लेख का लिहितो आहे? कारण उघडलेले दार आपणच हळूहळू पुन्हा लोटून घेत आहोत. आपल्याकडच्या जत्रेची पत्रिका, भजनी मंडळाच्या कार्यक्रमाची सूचना, साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका, एखाद्याच्या निधनाची वार्ता, हे सगळे आज मोबाइलवर फिरते ते सुंदर रंगीत चित्राच्या रूपात. चित्रात मराठी असते, पण ती पुन्हा डोळ्यांपुरती. जुनी दुर्मीळ मराठी पुस्तके लोक मोठ्या कष्टाने स्कॅन करून ठेवतात. पुस्तक वाचते हे खरे, पण अंध वाचकाला त्यात नुसती कोरी पाने मिळतात. चित्रातली अक्षरे ओळखणारी साधने आता मराठीतही काम देतात. त्यांतून एकदा मजकूर काढून तो तपासला तर तेच पुस्तक बोलू लागेल. अनेक कार्यालयांतून अजूनही जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफ बाहेर पडतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, आणि त्यांतला एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की तीच जुनी ई, जे, के, बी, एच ची रांग समोर येते.

आणि हा प्रश्न फक्त पूर्ण अंधांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ५० लाख दृष्टीच्या अडचणीच्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला कीर्तनाच्या चित्रफितीखाली शब्द हवेत. ज्याचा हात कापतो त्याला माऊसशिवाय, नुसत्या कळफलकावर पान चालवता यायला हवे. मोतीबिंदू होऊ घातलेल्या आजीला करड्या पाटीवरची फिकट करडी अक्षरे दिसत नाहीत. साठी ओलांडली की यातले काही ना काही आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला यायचेच आहे.

करायचे तसे फार नाही. सूचना चित्रात टाकलीत तरी तिच्याखाली तोच मजकूर दोन ओळींत टंकून टाका: कोण, कुठे, कधी. संकेतस्थळावरच्या चित्राला शब्द द्या. मथळ्याला मथळा म्हणून खूण करा, नुसती अक्षरे मोठी आणि ठळक करू नका. कारण स्क्रीन रीडर वापरणारा माणूस मथळ्यांवरून उड्या मारत पान चाळतो, आपण वर्तमानपत्र चाळतो तसे. 'इथे टिचकी मारा' असे न लिहिता कशासाठी टिचकी मारायची ते लिहा, नाहीतर दुवे ऐकणाऱ्याला दहा वेळा 'इथे, इथे' ऐकू येते. भाषा मराठी आहे ही खूण पानाला लावा. यांतल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

फादर स्टीफन्स यांच्यापुढे खिळेच नव्हते. त्यांना दोष देता येणार नाही. आउईंना बोटांची लिपी सुचली नाही, कारण ते डोळस होते. जुन्या फॉन्टवाल्यांजवळ घरे अपुरी होती. प्रत्येकाकडे काही ना काही कारण होते. आपल्याजवळ मात्र आज खिळे आहेत, घरे आहेत, मराठी बोलणारे यंत्र आहे, कायदाही आहे. तेव्हा यापुढे पडद्यावरची मराठी कोणाला वाचता आली नाही, तर त्याचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही.